नटसम्राट जबरदस्त आहे पण अप्पा बेलवलकर डोक्यात जातो, असं फक्त मलाच होतं का?

सिडकोवाला

मंडळी आधीच हात जोडतो. कुसुमाग्रजांच्या नाशकात राहून हे लिहिणं म्हणजे गंगेत उभं राहून गंगेला नावं ठेवण्यातला प्रकार आहे, पण दोन दिवस पोटात ठेवलंय, आता लिहितोच.

रविवारी पाऊस, मला शिफ्ट नव्हती, घरी बाबा, बायको आणि पंचवटीहून आलेली आत्या. सगळ्यांनी मिळून नटसम्राट लावला, २०१६चा, मांजरेकरांचा, नाना पाटेकरवाला. मी तो थेटरात बघितलाच नव्हता, तेव्हा पुण्यात नवीन नोकरी होती, नंतर रील्समध्ये तुकडे बघून बघून वाटायला लागलं की बघून झालाय. तर आता पहिल्यांदा सलग बघितला.

पिक्चर म्हणून बोलायचं तर माझी टोपी उडाली. नाना तर आहेच, पण मला विक्रम गोखलेंनी मारलं. तो दवाखान्यातला सीन, दोघं म्हातारे नट कर्ण आणि कृष्ण होऊन बोलतात तो, मी दोनदा मागे घेऊन बघितला, बायको म्हणाली अरे पुढे जाऊ दे. आणि मेधा मांजरेकरांनी ती कावेरी अशी केलीय की ती नुसती कोपऱ्यात उभी असली तरी आपलं लक्ष तिकडे जातं.

पण अप्पा! अहो हा माणूस मला सहन होईना. दारू पितो, जिभेला हाड नाही, समोर कोण बसलंय, आपण कोणाच्या घरात आहोत, लहान पोर ऐकतंय का, कशाचा म्हणून विचार नाही, आणि वर प्रत्येक वेळी आपण कलावंत म्हणून सगळ्यांनी समजून घ्यायचं. स्वतःच भर समारंभात सगळं पोरांच्या नावावर करून टाकतो, बायकोला एका शब्दानं विचारत नाही, आणि मग तीच बायको त्याच्यामागे या घरातून त्या घरात. तिला 'सरकार' म्हणतो. नावाला सरकार, निर्णय सगळे याचे.

शेवटाकडे आत्या पदराने डोळे पुसत होती, बाबांचाही आवाज बसला होता, आणि मी मूर्खासारखा बोलून गेलो की "याच्यासोबत मी पण एक महिना राहिलो नसतो". झालं. आत्या म्हणाली तुला काळीज आहे का दगड. बाबा काहीच बोलले नाहीत, संध्याकाळचा चहापण गॅलरीत एकटेच बसून प्यायले.

तर प्रश्न असा की पिक्चर एक नंबर आणि त्यातला हिरो नकोसा, हे दोन्ही एकत्र होऊ शकतं ना? का मग मला पिक्चर कळलाच नाही? कारण आत्याचं म्हणणं तेच आहे, की ज्याला अप्पा आवडला नाही त्याला नटसम्राट कळला नाही.

दिवाबत्ती

होऊ शकतं काय, होतंच. मी वीस वर्षं हौशी नाटकांना लाइट करतोय, राज्य नाट्य स्पर्धा आली की प. सा. (परशुराम साईखेडकर) नाट्यगृहाच्या बाहेरच्या टपरीवर माझी उधारी चालू. नटांना मी अंधारातून बघितलंय, तिथून फार वेगळं दिसतं.

एक होता आमच्याकडे, नाव नाही सांगत, आता तो नाही. माणूस म्हणून एकदम बेकार. तालमीला दीड तास उशिरा, चहाचे पैसे कायम दुसऱ्याच्या खिशातून, बॅकस्टेजच्या पोरांना "ए" करून हाक मारायचा, एकदा एका मुलीची एन्ट्री याच्या टाळीच्या वाक्यावर येत होती म्हणून शेवटच्या तालमीत तिची एन्ट्रीच पुढे ढकलायला लावली. पण डिमर वर करत न्यायचो ना, चाळीस, साठ, ऐंशी, आणि तो त्या उजेडात पाऊल टाकायचा, की माझा हात बोर्डावर थरथरायचा शप्पथ. आणि तोच माणूस प्रयोग संपल्यावर मेकअपच्या टॉवेलवरून भांडायचा. मी घरी जाताना स्कूटरवर दोन्ही गोष्टी डोक्यात घेऊन जायचो, एकीमुळे दुसरी कधी पुसली गेली नाही.

बरं आता तुझ्या मुद्द्याकडे. नाटक मुळात १९७०चं, तात्यासाहेबांचं म्हणजे कुसुमाग्रजांचं, पहिला बेलवलकर डॉ. लागूंचा. नाटकात काय होतं, तर बेलवलकर आपल्याशी बोलतो. म्हणजे थेट प्रेक्षकांशी. आपण पंधराव्या रांगेत बसलेलो असतो, तो तिकडे, मधे अंधार. तो मोठ्याने बोलतो ते आपल्याला खटकत नाही कारण नाटकात माणूस मोठ्यानेच बोलतो, शेवटच्या रांगेपर्यंत जायला पाहिजे ना आवाज. तोच माणूस पिक्चरमध्ये आला की दिवाणखान्यात येतो. सोफा, टीपॉय, डायनिंग टेबल, समोर सून. आणि तिथेही तो शेवटच्या रांगेसाठीच बोलतोय! म्हणून तुला तो डोक्यात गेला. मला वाटतं नानाने हे मुद्दामच ठेवलंय, त्याला कमी आवाजात करता येत नाही असं थोडीच आहे. ज्याला घरात स्टेजवरून उतरता येत नाही असा माणूस आहे तो.

त्यामुळे आत्यांना सांग, अप्पाचा राग आला म्हणजे नानाचं काम पोचलं. (आत्यांना सांगताना हेल्मेट घालून सांग.)

संस्कार_प्रथम

तुमच्यासारख्यांमुळेच वृद्धाश्रम भरलेत. ज्या बापाने सगळं दिलं त्याचा स्वभाव बघता? कुसुमाग्रजांच्या नाशकात राहून असं लिहायला लाज वाटायला हवी. बाकी चालू द्या.

सिडकोवाला

दादा, बाबा माझ्याकडेच राहतात, आणि आत्ता आतल्या खोलीत क्रिकेट बघतायत फुल आवाजात. मी पिक्चरमधल्या माणसाबद्दल बोलतोय.

@दिवाबत्ती, शेवटच्या रांगेसाठी बोलतोय हे वाचून अंगावर काटा आला. हे लक्षातच नव्हतं आलं.

इंदिरानगरची_ताई

खरं तर मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही, पण आज लिहिते.

मी हा सिनेमा २०१६च्या जानेवारीतच थेटरात बघितला, भिशीच्या बायका मिळून गेलो होतो, अकरा जणी. इंटरव्हलनंतर सगळ्या रडत होत्या, माझ्या शेजारची तर हुंदके देत होती आणि मी मात्र पूर्ण वेळ त्या सुनेकडे बघत होते. कारण माझ्या घरी तेव्हा आमचे अण्णा होते, माझे सासरे. शिक्षक होते, गणपतीच्या मेळ्यात कामं करायचे तरुणपणी, आवाज खणखणीत. दारूला कधी शिवले नाहीत हो, तसं काही नाही. पण पहाटे साडेपाचला पेपर मोठ्याने वाचायचे, घर उठायला पाहिजे म्हणून. पाहुणे आले की माझ्यासमोर सांगायचे, आमच्या सूनबाई सगळ्यात हुशार, फक्त चहा जमत नाही. दरवेळी तेच वाक्य, तोच पॉज, आणि पाहुणे हसायचे. सतरा वर्षं मी त्या वाक्याला हसले. एकदा वैतागून मी चहा त्यांच्याच मापाने केला, दीड चमचा साखर, आलं किसून, त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, आज कोणी केलाय?

आता हेच बाहेरच्यांना विचाराल तर अण्णा म्हणजे देवमाणूस. त्यांच्या विद्यार्थ्यांनी तेराव्याला रांग लावली होती. आणि तेही खरंच होतं, त्यांनी कितीतरी पोरांच्या फिया स्वतः भरल्या होत्या, आम्हाला ते गेल्यावर कळलं.

तर सिनेमात सुनेला आणि लेकीला वाईट करून ठेवलंय हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. म्हणजे अप्पांवर चोरीचा आळ घेणं वाईटच, त्याला माफी नाही. पण त्या आधीचे महिने? रोजचे खटके, रोज कोणाला तरी सांभाळून घ्यायचं, नवऱ्याने दोन्हीकडून मान खाली घालायची, ते सगळं भराभर जातं आणि आळ मात्र सावकाश दाखवतात, खाली म्युझिक देऊन. दिग्दर्शकाला ठरवूनच ठेवायचंय की आपण कोणासाठी रडायचं. तुम्ही रडला नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मीही नाही रडले. भिशीतल्या बायकांनी मला महिनाभर बोलून दाखवलं.

अण्णांचं शेवटचं वर्ष अंथरुणातच गेलं. नखं मीच कापायचे. तेव्हा ते नाट्यपदं म्हणायचे बारीक आवाजात, सूर अजिबात हललेला नाही. मी नखं कापता कापता ऐकत बसायचे. आवडायचे का मला ते? नाही. हे मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय.

दिवाबत्ती

ताई, "आज कोणी केलाय" हे वाक्य कोणी नाटककार लिहूच शकणार नाही.

खर्ज_सा

ताईंचं वाचून पाच मिनिटं काही टाइपच झालं नाही.

मी गाणं शिकतोय, आठवं वर्ष, दिवसा कॉलेज रोडला जॉब. मला सिडकोवाला दादांसारखं सेम झालं होतं ते 'द डिसायपल' बघताना. चैतन्य ताम्हाणेचा, नेटफ्लिक्सवर आहे, २०२० ला व्हेनिसला बेस्ट स्क्रीनप्लेचं बक्षीस मिळालं त्याला. ज्यांनी नाही बघितला त्यांनी बघा पण घाई असेल त्या दिवशी बघू नका, निवांत लावा, कारण कॅमेरा एकदा ठेवला की ठेवला, आख्खी बंदिश चालू राहते आणि तुम्ही मागच्या खुर्चीवर बसल्यासारखे.

त्यातला शरद नेरुळकर. भो काय माणूस आहे. रियाज करतो, गुरुजींची सेवा करतो, रात्री बाइकवरून गुरुजींच्या गुरू माईंची जुनी लेक्चर्स ऐकत मुंबईतून फिरतो, इथपर्यंत मी म्हणजे तोच. बाइकचा सीन बघून तर मी गंगापूर रोडला रात्री तसंच करून बघितलं, हेडफोन घालून, स्पीडब्रेकरवर आपटलो ते सोडा. पण पुढे हाच शरद शिकवायला लागतो आणि एका विद्यार्थ्याला कॉलेजच्या बँडमध्ये गायचंय, आईपण सोबत आलीय, तर त्या दोघांना असं बोलतो की मला पॉज करावं लागलं. आणि एक जण त्याला मोठ्या गवयांबद्दल, त्याच्या त्या माईंबद्दल, नको ते खरंखुरं सांगायला लागतो तर हा त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. कडवट, जळका, स्वतःला जमत नाही त्याचा राग दुसऱ्यावर काढणारा.

मला शरद अजिबात आवडला नाही आणि मी तो पिक्चर चार वेळा बघितलाय.

पण नटसम्राटमध्ये आणि यात एक मोठा फरक वाटतो मला. ताम्हाणे शरदची वकिली करत नाही. तो नालायकासारखा वागला की कॅमेरा लांबच उभा राहतो, म्युझिक येत नाही, कोणी रडत नाही. तुम्ही तुमचं बघा काय वाटतं ते. नटसम्राटमध्ये अप्पा चुकला की लगेच एक मोठं स्वगत येतं आणि नाना ते असं म्हणतो की आपण विसरून जातो तो कशावरून चुकला होता. म्हणजे वकील पण तोच आणि जज्जपण त्यानेच फोडलाय 😄

एक गंमत म्हणजे शरदचं काम केलेला आदित्य मोडक हा खराखुरा गवई आहे आणि गुरुजी झालेले अरुण द्रविडपण. त्यामुळे गाणं कुठेही ढोंग वाटत नाही. आणि माईंचा आवाज सुमित्रा भावेंचा आहे, त्या १९ एप्रिल २०२१ ला गेल्या आणि पिक्चर त्याच महिन्याच्या ३० तारखेला नेटफ्लिक्सवर आला. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा हे माहीत नव्हतं, दुसऱ्यांदा माहीत होतं, तो आवाज वेगळाच ऐकू आला.

वाचनालयातले_काका

चर्चा छान चाललीय. मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचा फार जुना सभासद, त्यामुळे थोडं लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आमच्या पिढीने तात्यासाहेबांना गावात रस्त्यावर बघितलंय, टिळकवाडीत त्यांच्या घरी कोणीही उठून जायचं, मीही एकदा गेलोय, काही बोललो नाही, नुसता बसून आलो. त्यामुळे नटसम्राटवर टीका म्हटली की आधी मनात कुठेतरी टोचतं. पण सिडकोवाल्याने विचारलंय ते मला रास्त वाटतं, कारण नाटकाच्या मागे लिअर उभा आहे. शेक्सपियरचा लिअर पहिल्या प्रवेशात काय करतो? राज्य वाटून टाकतो, मुलींना म्हणतो माझ्यावर किती प्रेम आहे ते बोलून दाखवा, आणि जी खोटं बोलत नाही तिला हाकलून देतो. तो म्हातारा तिथे कोणालाही आवडत नाही. आवडायला नकोच आहे. शेक्सपियरने त्याच्यासोबत एक विदूषक दिलाय जो त्याला तोंडावर सांगतो की बाबा रे तू शहाणा व्हायच्या आधीच म्हातारा झालास.

आता बेलवलकराला असा विदूषक आहे का? मला वाटतं ही मेख आहे. नाटकात त्याला कोणी तोंडावर सांगतच नाही. कावेरी सांगू शकली असती, पण तिचा तो स्वभाव नाही. सिनेमात रामभाऊ (विक्रम गोखले) आणला, जो मूळ नाटकात नाही, आणि तो थोडंफार बोलतो, म्हणूनच सिडकोवाल्याला तो दवाखान्यातला प्रसंग सगळ्यात जास्त भिडला असणार. तिथे पहिल्यांदा अप्पाला बरोबरीचा कोणी भेटतो.

दुसरं. मला या सगळ्यात 'उंबरठा' आठवतो. १९८२, जब्बार पटेल, स्मिता पाटील. सुलभा महाजन लहान मुलीला घरी ठेवून लांब महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरीला जाते. चांगल्या कामाला जाते हो, दारू प्यायला नाही जात! आमची सौ. आणि मी बघायला गेलो होतो, येताना रिक्षात ती म्हणाली, "काम सुंदर केलंय पण बाई मला नाही आवडली, पोरीला सोडून जाते म्हणजे काय". मीही मान हलवली. आणि त्याच आम्ही दोघांनी बेलवलकराला, ज्याने उभ्या आयुष्यात घराकडे पाहिलं असेल नसेल, टाळ्या वाजवल्या होत्या. बापाने कलेसाठी घर वाऱ्यावर सोडलं तर तो सम्राट, आईने नोकरीसाठी उंबरठा ओलांडला तर तिची चौकशी. तेव्हा लक्षात नाही आलं. आत्ता ताईंचं वाचताना आलं, म्हणजे बघा किती वर्षं गेली.

आणि नाशिकचाच विषय आहे तर आपले फाळके. त्र्यंबकेश्वरला जन्म, १९४४ साली नाशकातच गेले, पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारक आहे, पोरं तिथे सेल्फी काढायला जातात. या माणसाने सिनेमाच्या वेडापायी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, घरातलं सामान विकलं, सरस्वतीबाईंनी आख्ख्या युनिटचा स्वयंपाक केला आणि वर फिल्मला भोकंसुद्धा पाडली. वेड बेलवलकरापेक्षा तसूभरही कमी नाही. पण परेश मोकाशींनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' अशी हसतखेळत केली की नंदू माधवचा फाळके पहिल्या दहा मिनिटांत घरातला होऊन जातो. कपाट विकायला काढलं तरी आपण हसतो. तेव्हा माणूस आवडणं न आवडणं यात दिग्दर्शकाचा हात केवढा असतो बघा. त्याच फाळक्यांवर कोणी सरस्वतीबाईंच्या बाजूने सिनेमा काढला तर? मला बघायला आवडेल.

खर्ज_सा

काका सरस्वतीबाईंची आयडिया कोणीतरी चोरणार आहे इथून, लिहून ठेवा.

इंदिरानगरची_ताई

काका, तुमच्या सौ. ना नमस्कार सांगा. आणि रिक्षातलं कबूल केलंत त्याबद्दल तुम्हालाही.

पण फाळक्यांच्या बाबतीत एक म्हणू का, त्या सिनेमात सरस्वती हसते. तिला मजा येतेय. कावेरी पूर्ण सिनेमात किती वेळा मनापासून हसते? बघणाऱ्याला बायकोच्या तोंडाकडे बघून कळतं नवरा कसा आहे ते.

दिवाबत्ती

हे बरोबर आहे. आम्ही लाइटवाले पण हेच करतो, मुख्य नटावर फुल लाइट आणि ऐकणाऱ्यावर अर्धा, कारण प्रेक्षक बोलणाऱ्याला ऐकतो पण बघत ऐकणाऱ्याला असतो. ऐकणारा अंधारात गेला की बोलणारा खोटा वाटायला लागतो.

बाय द वे, ज्यांना हे सगळं फार गंभीर वाटतंय त्यांच्यासाठी, मी आयुष्यात "घर देता का घर" किमान दोनशे पोरांच्या तोंडून ऐकलंय, एकपात्री स्पर्धेत. वय सतरा, गळ्यात मफलर, केसांना टाल्कम पावडर. एकाने तर पावडर एवढी लावलेली की पहिल्याच वाक्याला धूर निघाला, परीक्षक खोकायला लागले. त्या पोरांचा अप्पा मात्र मला कायम आवडत आलाय 😂

संस्कार_प्रथम

ताईंचा प्रतिसाद वाचला. माझं आधीचं वाक्य जरा जास्त झालं. पण मला अप्पा आवडतात आणि आवडणार, माझे वडील तसेच होते आणि ते आता नाहीत.

इंदिरानगरची_ताई

आवडू द्या की. कोणी अडवलंय.

सिडकोवाला

अपडेट देतो, कारण तिघा-चौघांनी मेसेज करून विचारलं की आत्याचं काय झालं.

काल आत्याला फोन केला, म्हटलं खरं सांग, तू नेमकी कशासाठी रडलीस. तर ती म्हणते, "अरे मी कुठे रडत होते, तुझ्या बायकोने भज्यांसाठी कांदे चिरायला दिले होते ना मला". म्हणजे जो माणूस दोन दिवस दगडाच्या काळजाचा म्हणून घरात फिरतोय तो कांद्यामुळे! अर्थात ती खोटं बोलतेय, कांदे पहिल्या अर्ध्या तासात संपले होते, भजी इंटरव्हलच्या आधी खाऊन झाली होती. पण मी काही बोललो नाही.

बाबांना मात्र हा पूर्ण धागा वाचून दाखवला, चष्मा सापडत नव्हता म्हणून. ते मधे फक्त दोनदा बोलले. दिवाबत्तीचं शेवटच्या रांगेचं आलं तेव्हा म्हणाले, बरोबर आहे, मी ते नाटक शेवटच्या रांगेतूनच बघितलं होतं, स्वस्त तिकीट, आवाज सगळा येत होता. काम कोणी केलं होतं विचारलं तर आठवत नाही. नाटक संपल्यावर सातपूरची शेवटची बस चुकली आणि ते आणि त्यांचा मित्र चालत घरी आले, ते आठवतं, आणि त्र्यंबक नाक्यापर्यंत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, तेही आठवतं.

आणि ताईंचं वाचून झालं तेव्हा म्हणाले, ते चहाचं परत वाच. मी परत वाचलं. मग थोडा वेळ टीव्हीकडे बघत बसले, टीव्ही बंद होता. मग मला विचारलं, "मी पण असं काही बोलतो का रे हिला?" मी म्हटलं नाही बाबा. बायको किचनमध्ये होती, तिकडून काहीच आवाज आला नाही.

@दिवाबत्ती, प. सा. ला पुढचं नाटक कधी आहे ते कळव. तीन तिकिटं. मधल्या रांगेतली बघ.